वायपर हळू चालतोय? मोटर बदलण्याआधी हे तपासा

आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. बंदी उठते, पण पाऊस सुरूच असतो. बर्फातला माल घेऊन पहाटे बाग-कुक्षी रस्त्याला पिकअप लागते, आणि वायपर रेंगाळला की समोरचं दिसत नाही. तिथे माल नव्हे, माणूस जातो. म्हणून बंदीच्या दिवसांतच गाडी बघून घेऊ.

1. दांडे काचेवरून उचलून उभे करा, बॉनेटला अडत नाहीत ना ते बघा आणि वायपर चालवा. वेग वाढला तर दोष कडक झालेल्या रबरात किंवा काचेवरच्या तेलकट थरात.

2. तरीही हळू? चावी काढा, मोटरचा जोड सोडा, दांडे हाताने हलवा. जड लागले तर पिन-बुश धुळीने, गंजाने धरलेत. साफ करून ग्रीस लावा.

3. सांधे मोकळे असतील तर इंजिन आणि वायपर चालू ठेवून मोटरच्या प्लगवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर 14 आणि इथे 12 आले तर तार, स्विच किंवा अर्थिंग खराब. मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हला जादा तार जोडून बघा. वेग वाढला तर अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करा.

4. एवढं करूनही हळूच, तरच मोटर उघडायची.

फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका, वायरिंग जळते. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका.