चिऱ्यांवरची गाडी

डोंबिवली,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाबू,

परवा सायंकाळी आपल्या वाडीतला एक इसम तुझ्या आईने दिलेली सोलांची बरणी पोहोचविण्यासाठी माझ्याकडे आला होता, आणि चहा घेता घेता, एखादी कौतुकाची वार्ता सांगावी अशा सुरात त्याने सांगितले की, बाबू हल्ली दिवसभर गाडीखालीच असतो, त्याची आई त्याच्या पायांकडे पाहूनच त्याला हाक मारते आणि चहाची कपबशी चाकापाशी ठेवून निघून जाते. माणूस खाली शिरेल इतकी गाडी उंच कशी झाली, असे मी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "चिरे लावल्यान ना खाली!" त्यानंतर तो पुष्कळ बोलला; भातकापणीविषयी बोलला, कार्बोरेटरच्या तोंडात बुचाने पेट्रोल ओतून तू सेल्फ मारलास आणि भडका उडून तुझ्या भुवया होरपळल्या, हेही त्याने हसत सांगितले; परंतु त्या एका शब्दानंतर माझे चित्त ठिकाणावर राहिले नाही, आणि आज दोन रात्री मी जागा आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "होय तात्या" म्हणशील आणि पुन्हा गाडीखाली जाशील, हे मी जाणतो. शिवाय या पत्राच्या अखेरीस जे लिहावयाचे आहे, ते तोंडाने सांगण्याचे धैर्य मला इतक्या वर्षांत झालेले नाही.

प्रथम चिऱ्यांविषयी. आपले घर चिऱ्यांचे आहे, भरतगडाचा तट चिऱ्यांचा आहे, तेव्हा जो दगड शतकानुशतके भिंती पेलतो तो एक लहानशी गाडी का पेलणार नाही, असे तुझ्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु भिंतीतला चिरा आपल्या सबंध पाठीवर भार घेतो आणि चोहोंबाजूंनी आपल्या सोबत्यांनी धरलेला असतो. गाडीखालच्या एकट्या चिऱ्यावर मात्र तळहाताएवढ्या जागेत, तीही बहुधा कडेला, सारा भार येतो. जांभ्याचा हा चिरा सच्छिद्र असतो, चार महिने तो पाणी पितो, त्याच्या पोटात कोठे पोकळी आहे हे वरून दिसत नाही, आणि लाकूड जसे मोडण्यापूर्वी कुरकुरते तशी कोणतीही पूर्वसूचना न देता तो एका क्षणात उभा दुभंगतो. ती गाडी नऊशे किलोच्या आसपास वजनाची आहे. तिला वेगळी चेसिस नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा, आणि गडनदीच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या दमट हवेत मांगरात अकरा वर्षे उभ्या राहिलेल्या त्या अंगाला दरवाजांखालच्या पट्ट्यांत, जेथे जॅक लावतात नेमके तेथेच, गंजाने आतून खाल्लेले असणार. म्हणजे खाली फुटणारा दगड आणि वर चेपणारा पत्रा, या दोहोंच्या मध्ये तू उताणा पडून नट फिरवीत आहेस. शिवाय चिऱ्यांच्या राशीत फुरसे राहते, हे मुंबईकराने मसुऱ्याच्या माणसाला सांगावे काय?

तू रागावशील. मीही रागावलोच आहे.

तुझी ओढ मला कळत नाही असे मात्र समजू नकोस. ती १९७८ सालची पद्मिनी तुझ्या वडिलांनी, आपाने, १९८५ साली जुनी म्हणून विकत घेतली, तेव्हा मुंबईहून मसुऱ्यापर्यंत मीच ती चालवीत आणली होती, आणि पोलादपूरच्या पुढे कशेडीच्या घाटात रेडिएटर उकळल्यावर आम्ही दोघे भाऊ दोन तास एका दगडावर बसून पाणी थंड होण्याची वाट पाहत होतो. माझ्या आयुष्यातले ते दोन तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मूळ आराखडा इटलीतील तुरीनच्या फियाटचा, १९५३ सालच्या 'अकराशे'चा. १९७४ साली तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर डाव्या हाताला गिअर, आणि ज्याच्या घरात चार पाने व एक स्क्रूड्रायव्हर आहे अशा कोणाही माणसास समजेल इतकी सरळ रचना. मुंबईत तिची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला दिलेली वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी शहराच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. त्या सकाळी वर्तमानपत्रात ते वाचून मी आपाला फोन लावण्यासाठी हात पुढे केला, आणि मग तो हात तसाच मागे घेतला.

म्हणून सांगतो, गाडी चालू कर, अवश्य कर. परंतु क्रम पाळ. तू इंजिनाच्या आवाजाच्या मागे लागला आहेस, आणि तो आवाज ऐकण्याच्या मोहात माणूस बाकी सगळे विसरतो. ही गाडी चालते की नाही याआधी ती थांबते की नाही, हे पाहावयाचे असते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. अकरा वर्षांत त्याने मास्टर सिलिंडरातली आणि चारही ड्रममधल्या व्हील सिलिंडरांतली रबरे निकामी केली असणार, कप्पे गंजून पिस्टन अडकले असणार. ती सगळी किट नवी घाल, नळ्या नव्या घाल, आणि पायाखाली पेडल दगडासारखे लागेपर्यंत आपल्या खळ्यापुढची ती घाटी उतरण्याचा विचार मनात आणू नकोस. टाकीतले पेट्रोल आता पेट्रोल राहिलेले नाही, त्याचा डिंक झाला आहे. टाकी उतरवून धुऊन घे, कार्बोरेटर सोडवून जेट स्वच्छ कर, आणि पेट्रोलचे सारे जुने रबरी पाइप काढून टाक, कारण हल्लीच्या पंपावरील पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते त्या काळच्या रबराला फुगवून चिरा पाडते, आणि एक थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडला की भुवयांवर भागत नाही. बुचाने पेट्रोल ओतणे यापुढे बंद.

सेल्फ मारण्याची घाई करू नकोस. चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे इंजिन ऑइल सोड, दोन दिवस तसेच राहू दे, मग चौथा गिअर टाकून, प्लग बाहेरच ठेवून, गाडी हाताने हलकेच पुढे-मागे ढकल. इंजिन मोकळे फिरते आहे असे हाताला कळले की अर्धे काम झाले. पॉइंट घासून स्वच्छ कर, कंडेन्सर बदल, प्लगच्या वायरी लावताना एक-तीन-चार-दोन हा क्रम विसरू नकोस. उंदरांनी वायरिंग कुरतडले असेल तर जोड देत बसू नकोस, ती तार सबंधच बदल. आणि इंजिन सुरू झाले तर ते मांगरात दार लावून चालू ठेवू नकोस. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास, तो माणसाला झोपवतो आणि उठवीत नाही.

कागदपत्रांचे तपशील नंतर लिहीन. नोंदणीपुस्तक अद्याप आपाच्या नावावर आहे. वारस म्हणून तुझे नाव लावून घेणे आणि नोंदणीचे नूतनीकरण, ही दोन्ही कामे आहेत, आणि नूतनीकरणाच्या तपासणीसाठी गाडी समक्ष हजर करावी लागते. ते काही आजचे नाही.

घाई कशासाठी आहे, तेही मला त्या इसमाने सांगितले. आंगणेवाडीच्या जत्रेला आईला आपाच्या गाडीतून न्यावयाचे आहे. बाबू, हे ऐकून माझा सगळा राग गळाला होता. परंतु तेथल्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांगात लिहिलेला नसतो. देवीचा कौल मिळतो तेव्हा तो ठरतो. जिने आपल्या उत्सवालाही तिथीचे बंधन घातले नाही, तिच्या नावावर तू स्वतःला मुदत का घालून घेतोस? या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. आंगणेवाडी मसुऱ्यातच आहे. तुझी आई तुझ्याबरोबर चालत गेली तरी तिला तितकाच आनंद होईल. गाडीवाचूनही ती जत्रेला जाऊ शकेल.

आता ते लिहितो, ज्यासाठी पत्र लिहावयास घेतले.

आपाच्या उजव्या हाताची दोन बोटे वळत नसत. रहाटात हात सापडला, असे तुला सांगण्यात आले. तुझ्या आजीलाही तेच सांगितले होते आणि ती तेच खरे मानून गेली. ते खोटे आहे.

१९९१ साली गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सायलेन्सरचा पाइप तुटून रस्त्याला घासत होता. मी त्या काळी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाचा शिल्पनिदेशक होतो. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहून देत असे आणि ते वहीत उतरविल्यावाचून कोणासही कार्यशाळेत पाऊल टाकू देत नसे, ते असे की, जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, तिच्याखाली जाण्यासाठी नाही. त्या दिवशी मात्र मालवणहून स्टँड आणावयाचे तर दिवस मोडेल, बाजार राहील, माटवी बांधावयाची आहे, म्हणून मी, ज्याने शेकडो मुलांना तो नियम शिकवला त्या मी, विहिरीकडचे चार चिरे उचलून आणले, गाडी त्यांवर टेकवली आणि जॅक काढून घेतला. माझ्या अंगात धुतलेले कपडे होते, म्हणून खाली आपा गेला. मी वरून पाना ओढला, गाडी जराशी हलली, आणि डावीकडचा मागचा चिरा फुटला. चाके काढलेली नव्हती, म्हणून ती चाकांवर बसली आणि आपाचे डोके वाचले. हात वाचला नाही.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. रक्ताने भिजलेला पंचा हाताला गुंडाळून तो म्हणाला, "आईक सांग, रहाटात सापडलो. नायतर ती तुका परत गाडयेक हात लावूक देवची नाय." त्या वर्षी आपल्या घरच्या भजनात मृदंग दुसऱ्याने वाजवला. आपा टाळ घेऊन बसला होता, तू तीन वर्षांचा त्याच्या मांडीवर निजला होतास, आणि मी पडवीत अंधारात उभा राहून ऐकत होतो. पुढे कोणी विचारले तर तो म्हणे की दुकानामुळे रियाजाला वेळ होत नाही. पंचक्रोशीत त्याच्यासारखा मृदंग वाजवणारा नव्हता, बाबू. तू तो कधी ऐकलाच नाहीस, याला मी कारण आहे.

तो गेला तेव्हा हे तुला सांगावयास हवे होते. बाराव्या दिवशी आपण दोघे मांगरात त्या गाडीपाशी उभे होतो, तू बॉनेटवर हात ठेवून रडत होतास, आणि माझ्या ओठांवर आलेले मी गिळले. आज तू त्याच गाडीखाली, बहुधा त्याच विहिरीकडच्या चिऱ्यांवर, पडून आहेस, असे ऐकल्यावर मौन पाळणे म्हणजे तोच चिरा पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने लावण्यासारखे झाले असते.

मी काल लोहार चाळीत जाऊन चार लोखंडी स्टँड घेतले. ते रात्रीच्या खासगी बसने पाठवीत आहे. शुक्रवारी सकाळी कणकवलीला उतरवून घे. ते बसवताना प्रथम खालची जमीन सपाट कर, स्टँडखाली जाड लाकडी फळी घाल, मातीवर तसेच ठेवू नकोस. गाडी टेकवल्यावर खाली जाण्याआधी तिला बाहेरून जोराने हलवून पाहा. आणि काढलेले चाक नेहमी पत्र्याखाली आडवे सरकवून ठेव. एकटा असताना खाली जाऊ नकोस. पट्ट्या गंजल्या असतील तर पुढे क्रॉस मेंबरखाली आणि मागे अॅक्सलखाली आधार दे.

पुढच्या महिन्यात मी येतो. खाली निजण्याचे वय माझे राहिले नाही, परंतु शेजारी पाट टाकून बसेन, लागेल तो पाना हातात देईन, आणि टायमिंग लावताना कान देईन. कान अजून शाबूत आहेत. थंड इंजिन सुरू करताना आपा चोक पूर्ण ओढून अॅक्सिलरेटर दोनदाच दाबीत असे, तिसऱ्यांदा दाबले तर ती ओव्हरफ्लो होते. दुसरी किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात तुझ्या आजीच्या पानाच्या डब्यात आहे; ती आपानेच तेथे ठेवली होती.

माझ्यावर रागावावयाचे असेल तर मी आल्यावर रागाव, मी ऐकून घेईन. परंतु हे पत्र वाचून होताच, आईने जेवायला हाक मारण्याच्याही आधी, गाडी चाकांवर उतरव, ते चिरे उचलून विहिरीपाशी होते तेथे ठेव, आणि ठेवलेस एवढाच निरोप मला पाठव. कितीही वाजले असले तरी पाठव. मी जागा आहे.

तुझा
तात्या