हिंगण्याची शाळा

विधवा मुलीने हाती पुस्तक धरणे हेच अनेकांना अशुभ वाटे, अशा काळात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे शहरात प्लेगची साथ पसरल्यामुळे १९०० साली आश्रम हिंगणे येथील माळावर एका झोपडीत नेण्यात आला. जवळपास बाजार नव्हता, धड रस्ताही नव्हता. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. तेथील काम आटोपले की ते सुमारे चार मैल चालत हिंगण्यास येत, मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरीत. पावसाळ्यात ही वाट चिखलाने भरून जाई. परंतु त्यांचा नेम चुकत नसे.

आश्रमातील स्वयंपाक, झाडलोट वगैरे कामे मुलीच करीत. यात नवल ते काय, असे कोणासही वाटेल. घरकाम तर त्या काळच्या मुलींच्या पाचवीलाच पुजलेले होते! पण घरी विधवेचे सारे आयुष्य चुलीपाशीच संपे. येथे चूल आवरली की तीच मुलगी पाटी घेऊन हिशेब सोडवावयास बसे.

१९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, हा त्या विद्यापीठाचा हेतू त्यांच्या मनाला फार पटला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. तेथे मातृभाषेतून शिक्षण मिळे. इंग्रजीच्या जोडीला गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्रही शिकवीत. प्रारंभी कॉलेजात विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या.

असे शिक्षण माणसाला किती बदलते, हे पार्वतीबाई आठवले यांच्या चरित्रावरून दिसते. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या त्या भगिनी. विशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगा होता. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या. हिंगण्यास आल्यावर त्यांनी आश्रमाची व्यवस्था सांभाळली. पुढे निधी गोळा करण्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या आणि भरसभेत उभ्या राहून बोलू लागल्या.

तरी इंग्रजी येत नाही, ही खंत त्यांच्या मनात होतीच. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा बेताचाच. तेव्हा परक्या घरांत घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह चालविला आणि इंग्रजीही शिकून घेतले. कामाची त्यांना लाज नव्हती. हिंगण्यास ते अंगवळणी पडले होते. १९२० साली त्या मायदेशी परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामास लागल्या.