शेरूचं औषध ठरवताना

अगं प्राजू, क्रिएटिनिन सहाच्या पुढे गेल्याचं कळल्यापासून तू रात्र रात्र मोबाईलवर उपाय शोधतेयस, हे तुझ्या मेसेजच्या वेळांवरूनच दिसतंय. पपईच्या पानांचा रस, पुनर्नवा, गोखरू, होमिओपॅथीच्या गोळ्या, वर सोसायटीतल्या काकूंचा काढा. सगळंच सुरू करू का, विचारतेस. नको गं. जरा शांतपणे ऐक.

पपईचा रस लोक देतात तो गोचीडतापात, प्लेटलेट्स उतरल्या की. तिथेही खरं काम डॉक्सिसायक्लिनच करतं. शेरूचं दुखणं वेगळं आहे. मूत्रपिंडांचं जवळजवळ पाऊण काम बंद पडल्यावरच क्रिएटिनिन वाढायला लागतं आणि जुन्या आजारात ते पाचच्या वर गेलं की चौथा, शेवटचा टप्पा धरतात. म्हणजे तुझं लक्ष नव्हतं म्हणून हे झालं, असं अजिबात नाही. आणि जे गेलं ते कुठल्याही पाल्याने परत येत नाही. डायलिसिससुद्धा उपयोगी पडतं ते मुख्यतः लेप्टोसारख्या अचानक आलेल्या दुखण्यात.

काकूंना मात्र काढ्यात काय काय आहे ते नीट विचार. लसूण असेल तर कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. भस्म असेल तर त्यातल्या जड धातूंचा भार याच दोन थकलेल्या मूत्रपिंडांवर पडणार. आणि कण्हतोय म्हणून घरातली ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम चुकूनही देऊ नकोस.

पर्यायी उपचारांवर माझा राग नाही. सांधेदुखीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला वेदनाशामकाच्या जोडीला जाणत्या पशुवैद्याकडून ॲक्युपंक्चर करून घ्यायला काहीच हरकत नाही. पण ‘दिल्यापासून बरा वाटतोय’ यावर किती विसंबायचं? अमेरिकेत 2012 साली लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या कुत्र्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. तरी बऱ्याच मालकांना, अगदी डॉक्टरांनाही, सुधारणा दिसली. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला, तर फरक काहीच नव्हता. आपल्या मायेच्या डोळ्यांना जे हवं असतं ते दिसतं, प्राजू. म्हणून डॉक्टरांची मळमळीची गोळी थांबवून दुसरं काही देऊ नकोस. रक्तात युरिया साठला की त्याला सतत मळमळतं. तो ओठ चाटत बसतो, चिकनच्या वाटीपाशी येतो आणि तोंड फिरवतो, ते त्यामुळेच. हट्ट नाही तो.

घरी करण्यासारखं खरं काम म्हणजे कातडीखालचं सलाईन. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेव, गार पाणी अंगात गेलं की तो दचकतो. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत तंबूसारखी उचल आणि सुई त्या पोकळीत आडवी घाल. तिथे पाण्याचा गोळा येईल, कधी ओघळून पुढच्या पायापर्यंत उतरेल. घाबरू नकोस, काही तासांत जिरतो. किती द्यायचं ते डॉक्टरच सांगतील. आणि सुई बघून तो पलंगाखाली जाऊन थरथरायला लागला, तर तेही त्यांना सांग. त्याचं घाबरणंही आपल्या हिशेबात धरायचं.

एक वही कर. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी सात गोष्टी सांगितल्यात: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. जितकं ठीक, तितके जास्त गुण, प्रत्येकाला दहापैकी. बेरीज पस्तिसाच्या वर असेपर्यंत सांभाळत राहायला हरकत नाही, असं त्या मानतात. तू आणि भावोजी वेगवेगळे गुण द्या. तुझे नेहमी जास्त येणार, मला माहीत आहे. भावोजींचेही वाच.

आकडा घसरतच राहिला तर इंजेक्शनचं बोलावं लागेल. आई म्हणते, जीव घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. तिची श्रद्धा मी मोडणार नाही, तिच्याशी मी बोलेन. पण मूत्रपिंडं निकामी झालेलं कुत्रं दर वेळी झोपेत शांतपणे जात नाही गं. तोंडात फोड येतात, उलट्या थांबत नाहीत, शेवटी झटकेही येऊ शकतात. त्याच्या अंगावर ते येण्याआधी त्याला सोडवणं मला पाप वाटत नाही. एक दिवस आधी झालेलं मी पत्करेन, एक आठवडा उशीर नाही.

डॉक्टर घरी येतील का, आधी गुंगीचं इंजेक्शन देतील का, पुढची व्यवस्था कुठे, हे आत्ताच विचारून ठेव. ऐन वेळी सुचत नाही. खर्चाचंही मोकळेपणाने विचार, त्यात लाजायचं काही नाही. चिनूला ‘शेरू गावाला गेला’ असं सांगू नका. आठ वर्षांच्या पोराला खरं कळतं, आणि त्यालाही निरोप घ्यायचा असेल. सोमवारचा रिपोर्ट आला की आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.