आधी मेळावा, मग रान

न्यू जर्सीत जिओकॅशिंग सुरू करणाऱ्या मराठी मंडळींना मी एकच सांगते: पहिली डबी शोधायला रानात शिरण्याआधी हा खेळ खेळणाऱ्यांच्या जवळपासच्या एखाद्या मेळाव्याला जाऊन या.

खेळ समजायला सोपा आहे. जीपीएसच्या संकेतात अमेरिकन सरकारने मुद्दाम घातलेला घोळ २ मे २००० रोजी काढून टाकला आणि सामान्यांच्या यंत्रालाही नेमकी जागा कळू लागली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज अशा डब्या जगभर आहेत. शोधायची, आतल्या वहीत आपलं टोपणनाव लिहायचं, होती तिथेच ठेवायची.

अडचण येते ती शेवटच्या तीस फुटांत. दाट झाडीखाली यंत्राचा काटा इकडे-तिकडे फिरतो. मग माणूस पायवाट सोडतो, गुडघाभर गवतात शिरतो, ओंडक्याखाली हात घालतो. गोचीड असते ती नेमकी तिथेच. गावाकडे गुरांच्या अंगावर पाहिलेली टपोरी गोचीड डोळ्यांसमोर आणू नका. इथली हरणांवरची गोचीड वाढीच्या वयात खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेली कळतही नाही, आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो.

नाशिकहून शिकायला आलेल्या माझ्या भाच्याच्या पोटरीवर लाल चट्टा उठला होता. खाज नाही, दुखणं नाही; त्याला वाटलं, गवताचं काहीतरी लागलं असेल. त्या शनिवारी आम्ही एका पार्कातल्या मेळाव्याला गेलो. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं आणि त्यांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. चट्टा रोज पसरतोय का, मध्ये फिका पडतोय का, असं त्यांनी विचारलं. तो हो म्हणताच, आजच्या आज डॉक्टर गाठ, असं बजावलं. वेळेत अँटिबायोटिक सुरू झालं, पोरगा बरा झाला. उशीर झाला की हाच आजार सांधे, मज्जातंतू, हृदय यांपर्यंत पोचतो. शिवाय चट्टा प्रत्येकाला उठतोच असं नाही. रानातून आल्यावर काही आठवड्यांत ताप आला, अंग मोडून आलं, तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बाकीचं त्या बाकावरच कळलं. पँट मोज्यांत खोचायची. बुटांवर आणि कपड्यांवर पर्मेथ्रिन फवारायचं, अंगावर नाही. घरी आल्याबरोबर कपडे ड्रायरमध्ये कडक तापवायचे, अंघोळ करायची, काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची मुळं चाचपायची. जंतू अंगात उतरायला बहुधा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच रात्रीची तपासणी मोलाची. गोचीड चिकटलेली दिसली, तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही नको.

मेळाव्याला जायला आपली माणसं बिचकतात, कारण तिथे कुणी ओळखीचं नसतं. जा. डबी कुठे लपवलीय हे विचारू नका. ते कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये. या दिवसांत कुठे जाऊ नये, हे विचारा. कुठली वाट पावसाने बुडते, शिकारीच्या हंगामात नारिंगी जाकिटाशिवाय कुठे फिरकायचं नाही, हे जुनी माणसं भरभरून सांगतात.

पोलिसांबद्दलही विचारा. पुलाखाली वाकून चाचपणारा परका माणूस कुणालाही खटकतो, आणि आपल्या रंगाच्या माणसाकडे लोक अंमळ जास्तच रोखून बघतात, असं माझं मत आहे. २०११ मध्ये इंग्लंडातल्या वेदरबी गावात अशी एक डबी बॉम्ब समजून पथकाने उडवून दिली होती. कुणी हटकलं तर पळू नका, हात दिसतील असे ठेवा, काय शोधताय ते सरळ सांगा आणि मागितलं तरच फोन दाखवा.

पहिल्याच भेटीत कुणी एकट्याला रानात चला म्हणालं, तर त्या दिवशी नको म्हणा. दोन-तीन मेळावे होऊ द्या, चौघा-पाचांच्या गटात जा, आणि कुठल्या पार्कात, कुणाबरोबर चाललोय ते घरी सांगून निघा.