मोठा कॅलिपर लावला की गाडी लवकर थांबते का?

आठवीत 'बल व दाब' शिकवताना आपण बहुतेक वेळा खिळा, टाचणी आणि उंटाचे पाय इथेच थांबतो. मंडईच्या आसपासच्या शाळांत याहून चांगलं उदाहरण मुलंच घेऊन येतात. गाड्यांच्या सुट्या भागांची नाना पेठ इथून चालत जाण्याएवढी जवळ. घरातल्या दादाने बाईकला दुसऱ्या मॉडेलचा मोठा कॅलिपर बसवलेला असतो, नाहीतर त्यासाठी वडिलांकडे पैसे मागणं चालू असतं. आणि मत ठाम असतं: मोठा कॅलिपर म्हणजे जास्त ब्रेक! हे अर्धं बरोबर आहे, म्हणून खोडून काढू नका, तपासायला घ्या.

ब्रेकचं लिव्हर दाबलं की मास्टर सिलिंडरमधला छोटा दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. कॅलिपरमधल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून तिथे बल मोठं. फळ्यावर आकडे मांडा. मास्टर सिलिंडर १२ मिमी, कॅलिपरचा दट्ट्या ३० मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे बल ६.२५ पट. आता ३६ मिमीचा कॅलिपर लावू: ९ पट! वर्ग खूश होतो. मग विचारा, हे जास्तीचं बल आलं कुठून?

फुकट आलेलं नाही. मोठा दट्ट्या तेवढाच सरकवायला १.४४ पट ऑइल लागतं. ते त्याच जुन्या मास्टर सिलिंडरमधून यायचं, म्हणून लिव्हर जास्त आत येतं. जिथे १० मिमी पुरत होते तिथे साधारण १४. पॅड झिजल्यावर ते हँडलला टेकलं, तर ब्रेक संपला.

हे हाताला कळलं पाहिजे. मेडिकलच्या दुकानातून सुया नसलेल्या ५ आणि २० मिलीच्या सिरिंज आणा, मधे घट्ट बसणारी बारीक नळी लावून पाणी भरा. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला मोठी सिरिंज द्या, सगळ्यात किरकोळ मुलाला छोटी. किरकोळ मुलगा जिंकतो! पण त्याचा दट्ट्या बराच आत जातो, समोरचा जेमतेम हलतो. नंतर मुद्दाम हवेचा एक बुडबुडा सोडून पुन्हा दाबायला सांगा. मेकॅनिक 'ब्रेकमधे एअर आहे' म्हणतो ते हेच. हवा दाबली जाते, पुढे बल पोचत नाही. कॅलिपर बदलताना लाइन उघडावी लागते, म्हणून एअर नीट काढणं महत्त्वाचं.

आता उरलेला अर्धा भाग. कॅलिपर चाक थांबवतो; गाडी थांबते ती टायर आणि रस्त्यातल्या घर्षणाने. पावसात मंडईबाहेर कोबीचा पाला पडलेला असतो, तिथे कंपनीच्या ब्रेकनेही चाक जाम होऊन घसरतं. मोठ्या कॅलिपरने ते अजून लवकर जाम होईल, एवढंच. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं ते याच घसरण्यासाठी. स्पोर्ट्‌स कारला जड मॉडेलचे कॅलिपर लावणाऱ्यांचं गणितही हेच. फक्त पुढचे बदलले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो, हे वर.

उष्णताही विसरू नका. माणसासकट २०० किलोची बाईक ताशी ६० किमीवरून थांबली की साधारण २८,००० ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. ३० वरून फक्त ७,०००. ती मुख्यतः डिस्क आणि पॅड सोसतात, दट्ट्या कितीही मोठा असो. सिंहगडाचा घाट सतत ब्रेक दाबून उतरलं आणि ऑइल उकळलं, तर वाफेचे बुडबुडे होतात. म्हणजे आपली बुडबुड्याची सिरिंजच.

पालकांनी पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मास्टर सिलिंडर किती मिमीचा? कॅलिपर त्याच डिस्कच्या जाडीचा आहे का? ब्रॅकेट कंपनीचं की वेल्डिंग करून बनवलेलं? तिसऱ्याचं उत्तर 'वेल्डिंग' आलं तर मी तरी पैसे देणार नाही.

गृहपाठ: कॅलिपर ४० मिमीचा लावला, आणि लिव्हर फार आत येतं म्हणून मास्टर सिलिंडरही १६ मिमीचा केला. बल किती पट? उत्तर पुन्हा ६.२५च येतं. मुलं ते स्वतः काढेपर्यंत सांगू नका.