आधी पाणी मोज, मग मादी निवड

बाळ, विणीसाठी नदीतला रोहू बरा की तळ्यात वाढवलेला, हे तू प्रबंधासाठी मांस तपासून ठरवणार आहेस, असं तुझी आई सांगत होती. मी आयुष्यभर हेच काम केलं. चार गोष्टी कानात साठवून ठेव.

जोडी सारखी लाव. रोहू पावसाळ्यात वितो. त्याआधी मादी अंगातली चरबी आणि प्रथिनं गाभोळीत ओतते आणि विणीनंतर तिचं मांस पाणचट होतं. तेव्हा मे महिन्यातली तळ्यातली मादी ऑक्टोबरमधल्या नदीतल्या मादीशेजारी मांडू नकोस. महिना, लिंग, लांबी एकच हवी. तुकडाही एकाच जागचा घे. पाठीचा घे, पोटाचा नको, कारण पोटाकडे चरबी जास्त असते.

पाणी आधी मोज. उमेदवारीत मी दादरच्या बाजारातून बर्फातले रोहू पिशवीत घालून परळच्या प्रयोगशाळेत आणले. वाटेत बर्फ वितळला, मांसात पाणी मुरलं आणि महिन्याभराचे आकडे मला फाडून टाकावे लागले. मासा हाती आला की पुसून घे, बंद पिशवीत घाल आणि मगच बर्फात ठेव. तुकडा 105 अंशांवर सुकव आणि लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत थांब. रोहूच्या मांसात साधारण 75 ते 80 टक्के पाणीच असतं. चरबी वाढली की पाणी उतरतं, म्हणून प्रथिनं ओल्या आणि सुक्या, दोन्ही वजनांवर लिही. नत्राला 6.25 ने गुण, ईथरनं चरबी काढ, 550 अंशांवर राख कर. पाणी, प्रथिनं, चरबी आणि राख यांची बेरीज शंभराजवळ आली नाही, तर सगळं पुन्हा कर.

गुबगुबीत मादीला भुलू नकोस. भाताचा कोंडा नि शेंगदाण्याची पेंड खाऊन तळ्यातला मासा आतड्याभोवती चरबी धरतो. ती किती आहे यापेक्षा कोणती आहे, ते बघ. पिल्लाचा मेंदू आणि डोळे घडायला डीएचएसारखी मेदाम्लं लागतात आणि कोंडा-पेंडीत डीएचए नसतं. तळ्यातली मादी तिथे कमी पडली, तर विणीच्या काही महिने आधी तिचं खाद्य बदल. तिला बाद करायची घाई नको.

विणीचा मासा कापू नकोस. त्याच तळ्यातला, त्याच वयाचा दुसरा घे. रोहूऐवजी महाशीर असेल तर सुरीला हातच लावू नकोस. वैतरणेकाठी तिळश्याच्या महादेवाच्या डोहातले महाशीर गावानं राखले आहेत. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970 च्या दशकात महाशीरची कृत्रिम वीण साधली. तयार मादीचं पोट हलक्या हातानं दाबलं की अंडी येतात. त्यातली थोडी तपासणीला पुरतात आणि मादी जिवंत परत पाण्यात जाते.

आणि तक्त्यात एक रकाना वाढव: शंभर अंड्यांमागे किती पिल्लं पोहू लागली. मांसाचे आकडे कारण सांगतील, पण निकाल त्या रकान्यात आहे. तो भरल्याशिवाय प्रबंध देऊ नकोस.