तुसाच्या धुळीत वेग मोजताना

तंजावर म्हणजे भात. भातावरच्या प्रक्रियेसाठी १९६७ साली सुरू झालेलं संशोधन केंद्र, आजचं निफ्टेम-तंजावर, याच गावात आहे. इथल्या गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करताना पाहिलेलं सांगतो.

एका गिरणीत तूस ओढणाऱ्या पंख्याच्या पुलीवर चकाकती पट्टी आणि समोर वेग मोजणारा प्रकाशाचा सेन्सर होता. बसवला तेव्हा आकडा चोख यायचा. कुरुवै हंगामाचं भात आलं, गिरणी रात्रंदिवस चालू लागली आणि पट्टीवर बारीक धूळ बसली. पंखा फिरत होता २८०० आरपीएमने, मीटर दाखवत होता १९००. वेग कमी पडतोय असं समजून मोटरला मोठी पुली चढवली गेली. मी पोहोचलो तेव्हा बेअरिंगला हात लावता येत नव्हता, ग्रीस वितळून खाली ओघळलं होतं. पंख्याचा वेग वीस टक्के वाढला की मोटरवरचा भार सत्तर टक्क्यांहून जास्त वाढतो. पाती उडाली नाहीत, हे माणसांचं नशीब!

धूळ असेल तिथे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरच घ्या. त्याला फक्त धातू दिसतो. मात्र लेबलवरचं अंतर लोखंडासाठी असतं. ॲल्युमिनियमच्या पुलीवर ते निम्म्याहूनही कमी भरतं. तिथे लोखंडी बोल्टच समोर आणावा.

हॉल सेन्सर चांगला, पण त्यासाठी चुंबक नुसतं चिकटवू नका. पाच सेंटिमीटर त्रिज्येवर, ६००० आरपीएमला, पाच ग्रॅमचं चुंबक दहा किलोच्या ओढीने बाहेर खेचलं जातं. डिंक सुटला की ती गोळीच.

खरेदीआधी पल्स मोजा. ३००० आरपीएम आणि सहा बोल्ट म्हणजे सेकंदाला ३०० पल्स, दर साडेतीन मिलिसेकंदांच्या आत एक. पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, साध्या इनपुटचा फिल्टर पुष्कळदा याहून मंद असतो, मग सेन्सर कितीही महाग असो, पल्स गळतात. हायस्पीड काउंटरचं इनपुट मागा, नाहीतर समोरासमोर दोनच बोल्ट ठेवा. एकच ठेवलात तर पुलीचा तोल जातो.

बसवल्यावर आकडा मोटरशी ताडून पाहा. ५० हर्ट्झवर दोन पोलची इंडक्शन मोटर ३००० च्या जराशी खालीच फिरते. त्याला पुलींचं प्रमाण लावा. हिशेब जुळेना तर आधी सेन्सर पुसा, पुलीला हात नंतर.